बाबांची पाव गोळी

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरानं बाबांसाठी लिहून दिलेली गोळी मी हातात घेतली, तिच्या पट्टीवरचं नाव दुकानातल्या पाच-सहा माणसांच्या देखत मोठ्यानं वाचलं आणि म्हणालो, "हात् तिच्या! ही तं आपल्या बरणीतली गोळी होय!"

एवढंच बोललो. पुढचं जे काही झालं ते या एका वाक्यानं झालं, आणि ते वाक्य बोलताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो, हेही इथं कबूल करून टाकतो.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. लाखनीत हायवेच्या कडेला माझं किराणा दुकान होतं. रायपूरकडून येणारे ट्रक समोर थांबत. ड्रायव्हर उतरले की चहा, विडी आणि डोकेदुखीची गोळी, एवढ्या तीन गोष्टी मागत. म्हणून लिमलेटच्या बरणीशेजारी मी गोळ्यांचीही एक बरणी ठेवली होती. मागेल त्याला कात्रीनं पट्टी कापून द्यायचो. तेव्हा लहान गावातला प्रत्येक किराणेवाला थोडा डॉक्टर असायचाच. माझं वैद्यकाचं ज्ञान म्हणजे डोकं दुखत असेल तर एक, अंगात कणकण असेल तरी एक, आणि दोन्ही असेल तर वरून चहा. पण सांगायचो अशा थाटात, की समोरचा माणूस गोळी तिथंच तोंडात टाकायचा.

बाबांचं वेगळं होतं. त्यांनी दुकानात कधी मन घातलं नाही. लाखनीपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव, तिथं आमची धानाची शेती. सकाळी शिदोरी बांधून सायकलनं जायचं आणि दिवस बुडता परत यायचं, हा त्यांचा वर्षाचे बारा महिने क्रम. आई गेल्यापासून तर शेत हेच त्यांचं बोलायचं माणूस. सत्तरीच्या जवळ आले होते, पण औषध म्हणून त्यांच्या पोटात काढ्यापलीकडे काही गेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातली बशी आपोआप कलंडली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना पत्ता नाही. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि काही बोलायला गेले तर शब्द एकमेकांत गुंतून बाहेर येईनात. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. "हात झोपला होता," ते म्हणाले आणि सायकल काढायला निघाले.

मीही त्यांना जाऊ दिलं असतं. माझी बायको दारात उभी राहिली. "मामाजी, सायकल ठेवा," ती म्हणाली. त्यांच्याशी ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. पण दारातून हललीही नाही. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी नागपूरच्या बसमध्ये होतो.

डॉक्टरानं तपासलं. मानेकडून मेंदूत जाणाऱ्या नसेत रक्ताची बारीक गाठ अडकली होती आणि आपोआप सुटली, असं सांगितलं. "हा इशारा होता. पुढची गाठ सुटेलच असं नाही. अर्धं अंग जाऊ शकतं, जीवही जाऊ शकतो." मग दोन गोळ्या लिहून दिल्या. एक ब्लडप्रेशरची. दुसरीचा फक्त पाव भाग, रोज दुपारी, जेवण झाल्यावर, न चुकता.

"किती दिवस जी?" बाबांनी विचारलं.

"जन्मभर."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. औषधाची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली नाही, शेताच्या सातबाऱ्यासारखी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. जन्मभर घ्यायची गोळी म्हणजे काहीतरी जबरदस्त चीज असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. लाखनीला उतरून आम्ही दुकानात टेकलो. बाकावर नेहमीची मंडळी होतीच. त्यांना दाखवायला म्हणून बाबांनी ती पिशवी बाहेर काढली, मी गोळ्या हातात घेतल्या, आणि वर सांगितलं ते वाक्य बोललो.

अ‍ॅस्पिरिन. माझ्या बरणीत होती तीच. बाकावरचा एक जण म्हणाला, "घ्या! लाखनीची गोळी घ्याले लोकं आता नागपूरले जाऊन राहिले!" सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. बाबाही हसले.

ते हसले, तिथंच त्या गोळीची इज्जत गेली. दुसरी, ब्लडप्रेशरची गोळी मात्र ते रोज सकाळी देवाचा अंगारा घ्यावा तशी घेत राहिले. तिचं नाव मला वाचता आलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

पाव गोळीचं खातं बायकोकडे होतं. ती अडकित्त्यानं गोळीचे चार तुकडे करी आणि आठवड्याचे सात तुकडे एका जुन्या कुंकवाच्या डबीत भरून शिदोरीसोबत बाबांना देई. दुपारचं जेवण शेतात, म्हणून गोळीही शेतात. संध्याकाळी बाबा सायकलवरून उतरले की तिचा एकच प्रश्न असे.

"गोळी घेतली का जी, मामाजी?"

"होव."

काही आठवडे असेच गेले. आषाढात धानाची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली आणि डबी तीन दिवसांत रिकामी यायला लागली.

"सांडली," बाबा म्हणाले. पुढच्या खेपेला म्हणाले, "भिजली." तिसऱ्या खेपेला रिकामी डबी नुसती ओट्यावर ठेवली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी विचार केला, आणि मी विचार केला की काय होतं हे आतापर्यंत वाचणाऱ्यांना कळलंच असेल. मी ठरवलं, की बाबा पावाच्या जागी अर्धी-पाऊण गोळी खात आहेत. नागपूरचा डॉक्टर निघताना बोलला होता, की या गोळीनं रक्त पातळ राहतं, जास्त घेऊ नका. म्हणजे बाबांचं रक्त आता पाण्यासारखं झालेलं असणार. त्यांना कुठं खरचटू नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

मी पहिल्यांदा त्यांच्या दाढीचं पान, म्हणजे ब्लेड, लपवलं. बाबा अंगणात आरसा मांडून, गालाला साबण लावून बसलेले, आणि पान सापडत नाही. मी दुकानाच्या दारातून पाहतोय. शेवटी त्यांनी साबण तसाच पुसला आणि शेतात गेले. चार दिवसांत त्यांच्या गालावर धानाच्या पऱ्ह्यासारखी, कोवळ्या रोपांसारखी, दाढी उगवली. मग मी त्यांना म्हणालो, "बाबा, विळ्याले हात लावू नका."

"रोवणीत विळ्याचं काय काम आहे गा?" त्यांनी विचारलं. "तुले बरं नाही का?"

बायको रात्रीच्या भाकरी थापत होती. म्हणाली, "अजी, पान लपवण्यापेक्षा एकदा शेतात जाऊन पाहा ना, गोळ्या कुठी जातेत ते."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी खताचं पोतं घेऊन गेलो. खत हे निमित्त. आमच्या मोठ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बारा-तेरा बाया एका ओळीत वाकून रोवत होत्या. रोवणीच्या दिवसांत या बाया सकाळपासून चिखलात वाकतात, ते दिवस कलल्यावर सरळ होतात. मधे जेवणापुरत्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येतात, तेव्हाही कमरेवर दोन्ही हात ठेवून, हळूहळू. मी पोहोचलो ती त्यांची जेवणाचीच वेळ होती. बाबा जरा लांब, पळसाच्या झाडाखाली बसले होते.

बायांची म्होरकी एक वयस्कर, काटक बाई होती. माझ्या लग्नात तिनं हळद कुटली होती, त्यामुळे ती माझ्याशी काहीही बोलू शकायची. मला पाहून तिनं हाक मारली.

"अगा भाऊ, बरं झालं आला तू! तुया बाबाजीची ती पाव गोळी पुरत नाही ना रे बापा. एवढुसा तुकडा. रोज दोघी-तिघीलेच मिळते. आता अख्खीच आनत जा."

"कोणती गोळी?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"अवो, डबीतली! कमर अशी मोकळी होते बाई. काकाजी देव माणूस आहे. आपल्या वाटची गोळी गरिबाले देते."

बाकीच्या बाया "होव होव" म्हणाल्या. एकीनं तर मला कंबर वळवून दाखवली.

पहिल्यांदा मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. चला, बाबांचं रक्त पातळ झालेलं नाही. धुऱ्यावरून दहा पावलं चाललो असेन, तेव्हा डोक्यात दुसरा अर्धा भाग उतरला. पातळ झालेलं नाही. म्हणजे त्यांनी गोळी घेतलेलीच नाही. नागपूरच्या डॉक्टराचं "जीवही जाऊ शकतो" मला त्या उन्हात, चिखलाच्या वासात, जसंच्या तसं ऐकू आलं.

मी बाबांसमोर जाऊन बसलो. "किती दिवस झाले गोळी घेऊन?"

"घेतलीच नाही," ते शांतपणे म्हणाले. "सुरुवातीचे दोन-चार दिवस घेतली असन. मंग रोजचा तुकडा कागदात बांधून ठेवत गेलो. रोवणी लागली अन् ह्या बाया कमर धरून बसाले लागल्या."

"अन् घरी होव म्हणता?"

"सूनबाई चिंता करते म्हणून." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूच तं म्हटलं ना गा, डोकं दुखाची गोळी आहे म्हणून. माझं डोकं तं कधी दुखत नाही. त्याईची कमर दुखते. कामाची चीज अशी कायले सडवू?"

 दुकानदार म्हणून मला ते पटलंसुद्धा.

जेवणं उरकली, बाया पुन्हा बांधीत उतरल्या. बाबा पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकायला उठले. रोवणाऱ्या बायांच्या पाठीमागे या पेंढ्या बरोबर अंतरावर टाकत जायच्या, हे त्यांचं आवडतं काम. वीस हातांवर फेकली तरी पेंढी उभी पडायची. त्यांनी एक फेकली, दुसरी फेकली. तिसरी हातातून सुटून त्यांच्याच पायाशी पडली. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग उजवा हात खाली लोंबला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्यांनी मला हाक मारली. हाक माझ्याच नावाची होती, पण नुसतं ओलसर काहीतरी ऐकू आलं.

म्होरकीनं माझ्याआधी त्यांना धरलं. चिखलातून त्यांना उचलून धुऱ्यावर आणलं ते बायांनीच. मी पोत्यासारखा उभा होतो. शेजारच्या शेतातली बैलबंडी जुंपली, रस्त्यापर्यंत नेलं. तिथं ट्रक थांबवला. सगळ्या वाटेवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि वाढलेली ती दाढी माझ्या हाताला टोचत होती. मी त्यांचा उजवा हात धरून "दाबा, दाबा" म्हणत होतो. हात नुसता ऊबदार होता, बस. लाखनीची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा त्यांच्या करंगळीनं माझं बोट थोडं दाबलं. ट्रकमध्ये परक्या ड्रायव्हरसमोर मी रडलो, आणि तो बिचारा म्हणाला, "भैया, सर दुख रहा है क्या?"

लाखनीचे आमचे डॉक्टर वयानं माझ्याएवढेच, तोंडानं फटकळ. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन तास समोर निजवून ठेवलं. तोवर बाबांचा हात, बोलणं, सगळं परतलं होतं. डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी वाचली आणि पाव गोळीचं काय झालं ते विचारलं. बाबांनी लपवलं नाही. रोवणीच्या बाया, कंबर, डबी, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग स्टूल ओढून बाबांच्या खाटेजवळ बसले.

"काकाजी, बांधीतून पाणी काढाले धुऱ्यात तोंड ठेवता ना?"

"ठेवतो."

"तिथी एक काडी अडकली तर काय होते?"

"तिले दुसरी चिकटते. मंग पाला चिकटते. मंग गाळ बसते, अन् पाणी बंद."

"पाणी बंद झालं की पुढची बांधी?"

"सुकते."

"तुमच्या डोक्यातली बांधी आज सुकता सुकता राहिली. रक्तातही अशाच बारीक काड्या असतात. जखम झाली की एकमेकीले चिकटून ती बंद करतात, म्हणून त्या लागतातच. पण तुमच्या नसा आता जुन्या झाल्या, आतून खरबरीत. तिथी त्या बिनकामाच्या चिकटून राहिल्या आहेत. ही पाव गोळी त्याईले एकमेकीले चिकटू देत नाही. तिचं काम एवढंच."

बाबांनी विचारलं, "मंग ते डोकं दुखाचं?"

"ते दुसरं काम. तुमचा बैल नांगराले चालते, बंडीलेही चालते. म्हणून तो बंडीचाच बैल आहे असं म्हणता का?"

"नाही जी."

"दुखणं असो नसो, रोज घ्यायची. दुपारी शेतात जमत नसन तर रात्री घरी जेवल्यावर. तुम्हाले कळणारही नाही ती काम करून राहिली म्हणून. न कळणं हेच तिचं काम."

बाबा थोडे उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आता दुसरीच काळजी होती. "डॉक्टरसाहेब, म्या त्या बायाईले वाटली. त्याईले काही होईन का?"

"पाव गोळीनं आता काही होत नाही. पण उपाशी पोटी रोज खाल्ली तर पोट जळन, अन् कोणी गरोदर असन तर पंचाईत. यापुढे वाटू नका." मग डॉक्टरांचा आवाज चढला. "पण तुम्हाले सांगितलं कोणी, ही नुसती डोकेदुखीची गोळी आहे म्हणून?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलो.

"कोणी नाही सांगतलं जी," बाबा म्हणाले. "म्याच तसा समजलो."

आयुष्यात बाबा माझ्यासाठी खोटं बोललेले मी तेवढंच ऐकलं. माझ्या चांगल्यापैकी मोठ्या वयात, दोन पोरांचा बाप असताना. आणखी थोडा वेळ मी कॅलेंडर पाहिलं असतं तर ते प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण बाबांचा तो नुकताच परतलेला हात चादरीवर होता, बोटं आपोआप उघडमिट करून पाहत होती.

"मी म्हणालो होतो," मी म्हणालो. "दुकानात. सगळ्यांसमोर."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू मला ओळखतच नव्हते. "काय करता तुम्ही?"

"किराणा."

"मग किराणाच करा."

त्याच आठवड्यात मी ती बरणी दुकानातून काढली. बाकावरच्या मंडळींनी कारण विचारलं तेव्हा, बरणी फुटली, असं सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा दवाखान्यातून घरी आले. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना समजलं होतं यात शंका नाही. पण समजणं वेगळं. ज्या गोळीला ते चारचौघांत हसले होते, तीच आता माझ्यासमोर मुकाट्यानं घ्यायची, हे त्यांना जड जात होतं. ओट्यावर बसून ते म्हणाले, "उद्यापासून पाहू. आज इंजिशन झालंच आहे." मी समजवायला गेलो. धुरा, काडी, बैल, सगळं पुन्हा सांगितलं, त्यात माझ्या मनाचं थोडं घातलंही. ते तोंड फिरवून बसले. मी जितका बोलत होतो तितकी गोळी त्यांच्यापासून लांब जात होती.

बायकोनं पाट मांडले. मी आणि बाबा जेवायला बसलो. भात, वरण, भोपळ्याची भाजी, ताटाच्या कडेला मीठ, आणि मिठाशेजारी पाव गोळी. पांढऱ्यावर पांढरी.

"हे काय वो?" बाबांनी विचारलं.

"वाढलं जी," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

आमच्या बाबांनी ताटात कधी काही टाकलं नाही. धान पिकवणारा माणूस, भाताचं शेवटचं शीत बोटाच्या टोकानं उचलून खायचे. पाहुण्यांनी ताटात भात ठेवला तर त्यांना वाईट वाटायचं. पोरं तर त्या धाकानं थोडंथोडंच वाढून घ्यायची. ताटात अन्न असताना त्यात हात धुणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

ते जेवले. वरणाचा शेवटचा घास घेतला, शीत वेचलं. मीठसुद्धा संपवलं. आता ताटात एकच गोष्ट उरली होती. बाबांचा हात पाण्याच्या लोट्याकडे गेला आणि थांबला. चुलीजवळ भांड्यांचा आवाज चालू होता, ती वळून पाहत नव्हती. मी मात्र जेवण विसरून, तोंड उघडं ठेवून, बाबांच्या बोटांकडे पाहत होतो.

त्यांनी तो तुकडा उचलला, तोंडात टाकला, वर दोन घोट पाणी प्यायले. मग ताटात हात धुतला आणि उठून ओट्यावर गेले.

मी तिच्याकडे पाहिलं. "घेतली!" मी म्हणालो. "अन् तू एक शब्द बोलली नाहीस!"

"घेतली," ती ताट उचलत म्हणाली. "आता उद्या त्याईच्या तोंडाकडे असे टकमक पाह्यत बसू नका. जेवण करा आपलं, हात सुकला तुमचा. अन् मामाजी मघाशी विचारून राहिले होते, त्या बायाईच्या कमरेचं आता काय कराचं म्हणून. दुकानातून चोळाच्या तेलाची मोठी शिशी नेऊन द्या उद्या. पण देतानी काही बोलू नका जी, मी पाया पडते तुमच्या."